आडगावकर सरांची जीभ

आडगावकर सर उंदरांचं मूत चाखायचे.

हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग विचारतो, म्हणजे खरंच? खरंच. काचेची कांडी नळीत बुडवायची, तिचं टोक जिभेच्या शेंड्याला टेकवायचं, डोळे बारीक करायचे आणि एक आकडा सांगायचा. मग तोच नमुना मी यंत्रात घालायची. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं यंत्र होतं. त्यातल्या निळ्या ज्योतीत नमुना फवारला की त्यातल्या मिठानं ज्योत पिवळी व्हायची. जितकी पिवळी, तितका आकडा मोठा. सरांचा आकडा आणि यंत्राचा आकडा यात फार तर चार-पाचचा फरक पडायचा. बघायला आलेले पाहुणे टाळ्या वाजवायचे. सर खिशातला रुमाल काढून जीभ पुसायचे, हो, जीभ, आणि त्याची नीट घडी घालून तो परत खिशात ठेवायचे. मी तोवर बाहेर बेसिनपाशी जाऊन उभी राहिलेली असायची.

आपल्याकडं गुरूबद्दल लिहायचं म्हटलं की लोक आधी डोळे पुसून घेतात. मला ते जमणार नाही. सरांची आठवण आली की मला तो रुमाल दिसतो. आणि एवढं असूनही मी त्यांना 'ते' म्हणते, 'सर' म्हणते. अरेतुरे करायला जीभ वळत नाही, त्याचाही मला राग येतो.

सरांना कुणाचं नाव लक्षात राहायचं नाही, किंवा ते ठेवायचे नाहीत. माणूस ज्या गावाचा, ते त्याचं नाव. मी सिल्लोडची म्हणून सिल्लोड. "ए सिल्लोड, कालचे आकडे आण." माझ्या आधी एक पैठण होता, एक कन्नड होती. उंदरांच्या खोलीवर रामचंद्र साळवे नावाचे गृहस्थ होते. मी त्यांना मामा म्हणायची. ते लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं ये-जा करायचे, म्हणून सरांसाठी ते लासूर. मामा रोज सकाळी दारातून "जय भीम, सर" म्हणायचे. सर मान वर न करता विचारायचे, "लासूर, पाणी भरलं का?" बारा वर्षं हेच चाललं होतं.

सरांचा विषय आयुष्यभर एकच: मेंदूत काम करणारी हार्मोन्स किडनीला मीठ बाहेर टाकायला कशी लावतात. शिकवायचे मात्र असे की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडायची. म्हणायचे, "आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं? आठ. कधी दहा. का? पाणी नाही म्हणून नाही रे, वॉल्व्हमन येत नाही म्हणून. किडनी हा नुसता वॉल्व्ह आहे. तो फिरवणारा माणूस वर डोक्यात बसलाय." मग त्यांचं लाडकं हार्मोन यायचं, अँजिओटेन्सिन. रक्तातून फिरताना ते किडनीला सांगतं, मीठ धरून ठेव, सोडू नको. पण त्याचाच एक थेंब मेंदूतल्या पोकळीत सोडला, तर थोड्या वेळानं किडनी मीठ बाहेर टाकायला लागते, आणि उंदीर पाण्याच्या बाटलीला चिकटून बसतो. पोरं चक्रावायची. सर म्हणायचे, "तुमचा नगरसेवक बघा. गल्लीत म्हणतो, एक घर पाडू देणार नाही. साहेबांच्या बंगल्यावर गेला की म्हणतो, पाडून टाका. माणूस तोच. तो कुठं बसून बोलतोय यावर सगळं आहे." वर्ग हसून लोळायचा. आज मी दुसऱ्या कॉलेजात हाच धडा शिकवते आणि वॉल्व्हमन, नगरसेवक दोन्ही वापरते. पोरं तितकीच हसतात. त्या दिवशी घरी गेल्यावर मी कुणाशी धड बोलत नाही.

वर्गातली मजा वेगळी आणि प्रयोगशाळा वेगळी. उंदराला भूल द्यायची, टाळूवरचे केस काढायचे, कवटीला बारीक छिद्र पाडायचं. ड्रिल फिरतं तेव्हा जळक्या हाडाचा वास येतो. छिद्रातून केसाएवढी नळी आत बसवायची आणि दातांचे डॉक्टर वापरतात त्या गुलाबी सिमेंटनं ती पक्की करायची. मग उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात. खाली नरसाळं, नरसाळ्याखाली काचेची नळी, तिच्यात थेंब थेंब गोळा होतं ते आमचं संशोधन. त्या खोलीचा वास माझ्या ओढणीला, वेणीला, डब्याच्या पिशवीला लागायचा. सिल्लोडच्या एसटीत शेजारची बाई सरकून बसायची. मला वाटायचं, डॉक्टरेट झाली की हा वास जाईल.

सरांची जीभ उंदरांवर थांबली असती तर चाललं असतं. पण ते माणसांच्या ताटातही बोट घालायचे. विचारायचे नाहीत. डबा उघडला की त्यांचं बोट भाजीत, तिथून तोंडात, आणि मग निकाल. एकदा माझ्या वांग्याच्या भाजीत बोट घालून म्हणाले, "आईचा हात मिठाला सैल आहे. वडलांचं वय काय? बीपी तपासलंय कधी?" मी उरलेली भाजी कुत्र्याला घातली. पण डोक्यातून ते जाईना म्हणून रविवारी अण्णांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि मलाच विचारलं, हे आजवर चालत कसे होते? अण्णा आज हिंडते-फिरते आहेत ते त्या खरकट्या बोटामुळं. माझी सगळी पंचाईत तिथंच आहे. माणूस खोटा असता तर मी थुंकून मोकळी झाले असते. पण जीभ खरी होती.

आता त्या मिठाचं सांगते.

माझ्या प्रबंधाला उंदरांचे दोन गट होते. एकाच्या मेंदूत हार्मोन, दुसऱ्याच्या मेंदूत नुसतं साधं द्रावण. हार्मोनवाल्यांच्या लघवीत मीठ वाढायला हवं होतं. वाढलं, आणि असं वाढलं की सर आकडे बघून खुर्चीतून उठून उभे राहिले. दुसऱ्या तुकडीतही तेच, तिसऱ्या तुकडीतही तेच. सरांनी मोठ्या परिषदेत तक्ते दाखवले, शाल-नारळ घेऊन आले. माझी तीन वर्षं फळाला आली म्हणून मी घरी पेढे नेले.

मग एका दुपारी मी नळ्या बदलायला लवकर गेले. चारच्या सुमारास, गाडी गाठायच्या आधी, मामा उंदरांना खाणं घालायचे. बघते तर मामा पाटीवर खाण्याच्या गोळ्या घेऊन बसलेले, पाण्याचा हात लावून त्यांवर काहीतरी चोळत होते. शेजारी जाड्या मिठाची पुडी. मी विचारलं, हे काय? ते बिचारे लाजले. म्हणाले, "ताई, ही हार्मोनवाली नुसतं पाणी ढोसतेत, अन्नाला तोंड लावत नायत. आमच्याकडं शेळी खाईना झाली की मीठ चाटवतेत, मग तिची जीभ सुटती. म्हनलं, दोन घास तरी खातील." दुसऱ्या गटाला? "त्याह्यला कशाला? ती खातेत की बरोबर."

मी तिथंच पाण्याच्या पिंपावर टेकले. ज्यांच्या लघवीत मीठ वाढलं म्हणून शाल मिळाली, त्यांनाच मामा मीठ चारत होते, आणि फक्त त्यांनाच. पहिल्या तुकडीपासून. कपटानं नाही, दया येऊन. आम्ही तीन वर्षं मेंदूकडं बघत होतो, ताटात कुणी डोकावलंच नव्हतं.

मी मामांना काही बोलले नाही. एक गोळी उचलली आणि सरांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवली. काय झालं ते सांगितलं. सरांनी गोळी उचलली, चाटली, डोळे बारीक केले. मी आकड्याची वाट बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांनी आकडा सांगितला नाही. रुमाल काढला, जीभ पुसली, घडी घातली.

"कुणाला बोललीस?"

"नाही, सर."

"चालू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी समजावलं, तसंच गोड, वर्गात समजावायचे तसं. मेंदूतल्या हार्मोननं किडनी मीठ सोडते हे जगात खरंच आहे, आपल्या आधीही लोकांना दिसलंय. आपल्याकडं ते जरा उठून दिसतंय इतकंच. आता सगळं परत करायचं म्हटलं तर तुझी आणखी तीन वर्षं जातील, तुझे अण्णा थांबतील का? लासूरला काही सांगू नको, उगाच घाबरेल, त्याची कायम होण्याची फाईल वर गेली आहे. शेवटची तुकडी आहे, ती आधीच्यांसारखीच होऊ दे.

म्हणजे मामांना चूक सांगायचीही नाही. त्यांना तसंच मीठ चोळू द्यायचं. आणि मी काय केलं? मला हायसं वाटलं. आजवर मला जेवढ्या गोष्टींची किळस आली, मूत, रुमाल, जळकं हाड, त्या सगळ्या एकीकडं आणि त्या क्षणी मला वाटलेलं ते हायसं एकीकडं. मी जिना उतरताना चक्क गाणं गुणगुणत होते. शेवटच्या तुकडीचे आकडे सुरेख आले.

प्रबंध सादर झाला आणि महिन्याभरात परगावच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी आमचा प्रयोग जसाच्या तसा करून बघितला होता. मीठ वाढतं, पण आमच्या पाव हिश्शानंही नाही. तुम्ही उंदरांना काय खायला घालता ते कळवा. पत्राची एक प्रत प्राचार्यांना होती. तीन जणांची कमिटी बसली.

सरांनी कमिटीला चार पानी निवेदन दिलं. त्यात माणसाचं पूर्ण नाव होतं, श्री. रामचंद्र तुकाराम साळवे, मुक्काम लासूर स्टेशन. बारा वर्षांत सरांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं. या कर्मचाऱ्यानं मार्गदर्शकांना अंधारात ठेवून खाण्यात मीठ मिसळलं, असं लिहिलं होतं.

ज्या दिवशी माझी साक्ष होती, त्या दिवशी दुपारी मी डबा उघडला तर सर येऊन शेजारी बसले. साक्षीबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या गवारीच्या भाजीत बोट घातलं, चाखलं, म्हणाले, "आता मीठ बरोबर आहे. अण्णांची काळजी घेतेस तू." आणि उठून गेले. माझी तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

कमिटीतल्या बाई सौम्य होत्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली: सरांना हे आधी माहीत होतं का? मामा भिंतीपाशी उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. गोळी मीच वर नेल्याचं त्यांनी पाहिलं होतं, आणि ही पोरगी सांगेल असा त्यांचा चेहरा होता.

मी म्हणाले, "मला कल्पना नाही."

मामांची फाईल खाली आली आणि पुढच्या सोमवारपासून कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं. जायच्या दिवशी त्यांनी पिंजरे धुतले, पिंप भरलं, मग मला शोधत आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ताई, मी चुकलो आसंल. मला शिकल्याली अक्कल नाय. पर तुम्हाला ठावं हुतं, सरांलाबी ठावं हुतं. कुणी एकानं तर मला म्हनायचं हुतं, साळवे, मीठ घालू नका. मी घातलं नसतं." एवढंच. त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मामांवर ठपका ठेवून प्रकरण मिटलं, प्रबंधाला कुणी हात लावला नाही, आणि मी डॉक्टर झाले. सरांना ताकीद मिळाली, म्हणजे काहीच मिळालं नाही. पुढं ते वयानं निवृत्त झाले, हार-तुरे झाले. मामा आता लासूरच्या मोंढा बाजारात कांद्याच्या गोण्या शिवतात. हे मला ऐकून नाही, बघून माहीत आहे. एकदा गाडी लासूरला थांबली होती. ते फलाटावर नळाला तोंड धूत होते. मी खिडकीची काच खाली ओढली आणि मोबाईल बघत बसले.

गेल्या फेब्रुवारीत काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. सर आजारी आहेत, किडन्या थकल्या आहेत, तुझी आठवण काढतात, एकदा येऊन जा. जायचं नव्हतं. गेले. सिडकोतलं घर, दारात सदाफुलीच्या कुंड्या. त्या दिवशी गल्लीत नळाचं पाणी आलेलं, त्यामुळं सगळीकडं मोटारींचा आवाज चालू होता. सर खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. पाय सुजून चकचकीत झालेले, अंगठ्यानं दाबलं तर खड्डा तसाच राहील असे. मला बघून म्हणाले, "सिल्लोड का? ये. माझा वॉल्व्हमन पळून गेला बघ." मी हसले. अजूनही हसू येतं, काय करू.

मग त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. पांढरी, जाड थर आलेली. किडनी बिघडली की पुष्कळांची चव जाते, सरांचीही जवळजवळ गेली होती. सगळं मातीसारखं लागतं म्हणाले. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, पाण्यावरही माप आहे. "पण सूज उतरत नाही. मीठ कुठून तरी आत येतंय, आणि मला ते पकडता येत नाही." हे ते मला शोधनिबंधाबद्दल बोलावं तसं सांगत होते.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. काकू ताट वाढत होत्या. माझ्यादेखत त्यांनी वाटीतल्या वरणात मीठ घातलं, चांगलं तीन बोटांची चिमूट, आणि चमच्यानं ढवळलं. मला बघून त्यांचा हात थांबला. मग पुटपुटल्या, "अळणी दिलं की ताट ढकलतात गं. असं दिलं की निदान दोन घास तरी खातात. त्यांना सांगू नकोस." त्यांचे डोळे भरून आले होते. मला पाण्याच्या पिंपावर टेकलेली मी आठवले.

ताट सरांपुढं आलं. भात, वरण, दोडक्याची भाजी. त्यांनी जेवायला सुरुवात केली नाही. वाटी उचलून माझ्यापुढं धरली.

"माझी जीभ गेली. तुझी आहे. चाख आणि खरं सांग, मीठ आहे का यात?"

मी त्या वाटीत बोट घातलं. सरांसारखंच. कुणी न सांगता माझं बोटच पुढं गेलं. चाखलं. लग्नाच्या पंगतीत असतं तसं भरपूर मीठ होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात धरून भिंतीला लागून उभ्या होत्या. एक शब्द बोलले असते तर त्यांना चार शिव्या बसल्या असत्या, आणि सर कदाचित आणखी काही महिने जगले असते. मला दोन्ही स्वच्छ कळत होतं. काकूंची दया आली म्हणावं तर ते खोटं आहे. मला फलाटावर तोंड धुणारे मामा आठवले, आणि मामांची कड घेतेय असं मानायला बरं वाटलं, पण तेही खोटंच. सोपं होतं ते केलं, नेहमीसारखं.

"अळणी आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी वाटी परत आपल्याकडं ओढली. मग म्हणाले, "चालू दे," आणि वरण भातावर ओतून जेवायला लागले. शेवटचा घास झाल्यावर त्यांनी वाटी बोटानं निपटली, बोट जिभेच्या शेंड्याला टेकवलं आणि डोळे बारीक केले. मी वाट बघत होते. त्यांनी उशीखालून रुमाल काढला, जीभ पुसली, नीट घडी घातली. आकडा सांगितला नाही.